उन्हाळ्यातली एक पाळी

सांगलीच्या पाटबंधारे कार्यालयात जतच्या पाण्याची बैठक होती आणि आप्पासोंच्या जागी त्यांची लेक प्रियदर्शनी बसली होती. आप्पा जाऊन दोन महिने होत आले होते. कराडजवळच्या त्यांच्या गावच्या पाणी संस्थेनं अध्यक्षपद तिच्याकडे दिलं, कारण ती शिकलेली, वाचणारी, चार लोकांत नीट बोलणारी. निघताना तिचा भाऊ वीरधवल, फौजेतून निवृत्त होऊन आलेला, गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणाला होता, "आप्पांनी कुणाला काय शब्द दिला असंल, त्यो त्यांच्यासंगं गेला. ऊस आपला हाय. ध्यानात ठेव."

शब्द काय होता ते तिला माहीत होतं. जतकडचे धनाजी आणि हरणाबाई हे धनगर जोडपं दरसाल दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेला येत आणि खतासाठी आप्पांच्या रानात बसवत. गेल्या साली बांधावर आप्पा त्यांना म्हणाले होते, "नळ येऊ द्या तुमच्याकडं. उन्हाळ्यातली पान्याची एक पाळी आमी सोडू. बैठकीत उभा ऱ्हाऊन सांगतो."

पाटबंधारेच्या साहेबांनी नकाशा भिंतीवर लावला. मार्ग दोनच होते. कृष्णेचं पाणी उचलून बंद नळानं जतला न्यायचं. ते बारमाही मिळणार, पण नदीच्या वरच्या अंगाला, कराडकडच्या उसाला उन्हाळ्यात पाण्याची एक पाळी कमी. नाहीतर धनाजीच्या गावचा जुना तलाव उंच करायचा. त्यात कुणाचं पाणी तुटत नव्हतं. फक्त पाऊस झाला तरच तो भरणार, आणि भरला की गावचं चराऊ रान बुडणार.

"म्हंजे पाऊस न्हाई झाला तर पानी न्हाई, आन् झाला तर मेंढरास्नी गवत न्हाई," धनाजी मागच्या बाकावरून म्हणाला. "झ्याक हाय की साहेब. दोन्हीकडनं आमीच!"

सगळे हसले. साहेबसुद्धा.

"वरच्या संस्थांची संमती असेल तर नळाचा विचार करू," ते म्हणाले. "आप्पासोंची तयारी होती असं कानावर आहे. ताई, तुमच्याशी कधी बोलले होते?"

प्रियदर्शनीनं ओठ उघडले. पाणी आणि न्याय यांवर तिनं कपाटभर पुस्तकं वाचली होती. रात्री आप्पांना वाचूनही दाखवली होती. आता एक साधं वाक्य हवं होतं. तिला मे महिन्यातला उभा ऊस दिसत होता, वीरधवलचा चेहरा दिसत होता. आप्पांचाही दिसला, तो तिनं बाजूला सारला.

तेवढ्यात धनाजीशेजारची हरणाबाई उठली. "साहेब, पोरीला इचारू नगा. आमच्यात रीत हाय. वरीस व्हईस्तवर दुखवट्याच्या घराकडं काय मागायचं न्हाई. त्या घराला न्हाई म्हनायला लावायचं न्हाई."

"अगं, ही काय सोयरीक हाय का?" धनाजी पुटपुटला.

"आवं, गप बसा तुमी."

साहेबांनी सहानुभूतीनं मान हलवली. प्रियदर्शनीनंही खाली बघून हलवली, दुःखातल्या माणसानं हलवावी तशी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते आप्पांसाठीच होतं. पण त्या घटकेला ते तिच्या कामी येत होतं, हे तिला पुरतं कळत होतं. तलावाचा ठराव झाला. तिनं सही केली.

खाली आवारात हरणाबाई तिची वाट बघत होती. तिनं प्रियदर्शनीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "लय वाळलीस गं. जेवतीस का न्हाई?"

"मावशी," प्रियदर्शनीला राहवेना, "आप्पांनी शब्द दिला होता. मला ठाऊक होतं."

"मला न्हाई व्हय ठावं? तवा च्या घिऊन बांधावर तूच आलीवतीस की." हरणाबाईच्या आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, मी खाली बसल्यावर तुजी तू सांगशील."

प्रियदर्शनीची मान वर होईना. "वर्ष झालं की मागा, मावशी."

"तवर तलावाची भिंत हुबी ऱ्हाईल ताई," धनाजी मागून येत म्हणाला. "पर मेंढरं औंदा लौकर आणतो. तुमच्यातलं रान काय वाळत न्हाई."

साहेब अजून वरच होते. खिडकीतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. जिना समोरच होता.

"या मेंढरं घेऊन," प्रियदर्शनी म्हणाली आणि गाडीकडे वळली.