डावीकडचा रस्ता

सायकलवाल्यानं आधी माझ्याकडेच पाहिलं. "ताई, तुमच्या उंचीला ही बरी पडेल," म्हणत त्यानं एक लाल सायकल पुढे ओढली.

"तिला नको, मला हवीय," आई म्हणाली. "कामावर जायला."

तो जरा गडबडला, मग लगेच सावरला. "मग ही बघा मावशी. ठेंगणी आहे, पाय पटकन टेकतात. का गिअरची दाखवू?"

"गिअर नकोत. एवढ्या उठाठेवी मला जमायच्या नाहीत."

आई इस्पितळाच्या धुलाईघरात शिवणकाम करते. धुऊन आलेल्या कपड्यांतून फाटकं-तुटकं वेगळं काढायचं, चादरींना ठिगळं लावायची, रुग्णांच्या झग्यांचे तुटलेले बंद शिवायचे. मला आठवतं तेव्हापासून बाबा तिला स्कूटरवरून सोडायचे आणि संध्याकाळी आणायचे. गेल्या महिन्यात बाबा झोपेतच गेले. आईच्या जागी तात्पुरती घेतलेली बाई सोमवारी जाणार होती, आणि माझी रजाही सोमवारीच संपत होती. आमच्याकडून त्या बाजूला बस जात नाही.

"माझ्याकडे चल," असं मी तिला सांगून पाहिलं होतं.

"येऊन काय करू? तुझे पडदे शिवू? दोन खिडक्या आहेत तुला." मग जरा थांबून म्हणाली, "काम सोडलं तर मला दिवसभर त्या खुर्चीसमोर बसावं लागेल गं."

बाबांची खुर्ची अजून खिडकीशीच होती. स्कूटर शिकायचीही तिची तयारी नव्हती. मामा स्कूटर घेऊन गेला तेव्हा ती स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून उभी राहिली होती. सायकल मात्र तिला येत होती. लग्नाआधी ती सायकलवरूनच शिवणवर्गाला जायची. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत तिनं दोन फेऱ्या मारल्या. पहिलीत थोडी डुगडुगली, दुसरीत नाही.

मग मी एकेक वस्तू काढायला लावली. पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, बेल, आरसा, कुलूप, बास्केट. काउंटर भरत चालला तसा सायकलवाला म्हणाला, "ताई, मावशी कामावर चालल्यात की लढाईवर?"

"तिला विचारा," आई म्हणाली. "आता मागे एक रुग्णवाहिकाही बांधून दे म्हणेल."

हेल्मेट काही केल्या बसेना, अंबाडा आड येत होता. "हा घरी ठेवून यावा लागेल मावशी," सायकलवाला म्हणाला आणि आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हसली, आणि लगेच तोंडावर हात नेला. मग तिथंच स्टुलावर बसून तिनं अंबाडा सोडला आणि वेणी घातली. मी पिन धरून उभी होते. तिचे केस इतके विरळ झालेत हे मला माहीत नव्हतं.

चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट तिनं साफ नाकारलं. "मी काय रस्ता खणायला चाललेय?" पट्ट्या तेवढ्या मागून घेतल्या आणि संध्याकाळी घरी बसून आपल्या पिशवीवर शिवल्या. टाके इतके बारीक की शोधावे लागत होते.

रविवारी सकाळी रंगीत तालीम करायचं ठरलं. मी शेजारच्यांची सायकल मागून आणली. आई पुढे, मी मागे. गल्ली संपून मोठा रस्ता लागला तशी ती सैलावली. "हा बघ टायरवाला. ही बँक, हिची पाटी नवीन आहे. आता शाळेची भिंत येईल." भिंत आली.

पुढे औषधांच्या दुकानापाशी ती एकदम थांबली. मी धडकता धडकता वाचले.

"अगं, हा चष्मेवाला इथं आहे?"

"कुठं असणार मग?"

"म्हणजे औषधवाल्याच्या अगदी समोर?" ती एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. "मला वाटायचं तो कुठंतरी लांब आहे. येताना लागतो ना तो."

मला कळायला थोडा वेळ लागला. बाबांच्या मागे ती नेहमी एका अंगानं बसायची, दोन्ही पाय डावीकडे. जाताना तिनं रस्त्याची एक बाजू पाहिली होती, येताना दुसरी, आणि दोन्ही वेळा डावीकडेच बघत. समोर बाबांची पाठ असायची. मला त्याचं हसू आलं. चौकापर्यंतच.

चौकात ती थांबली, एक पाय टेकला, मान डावीकडे वळवून नीट पाहिलं आणि निघाली. उजवीकडून दुधाची गाडी येत होती. मी ओरडले. गाडी करकचून थांबली, आतले क्रेट आपटल्याचा आवाज झाला. "ओ आजी! डोळे घरी ठेवले का?" चालक ओरडला, पण तोही घाबरला होता.

आम्ही सायकली कडेला घेतल्या. आईचा हात बेलवर होता आणि बेल थरथरून बारीक वाजत होती.

"उजवीकडे का नाही पाहिलंस?" माझा आवाज हवा त्यापेक्षा चढला.

"उजवीकडचं हे बघायचे," ती म्हणाली.

मी तिला चौक पुन्हा ओलांडायला लावला, पुन्हा परत आणलं. मी "उजवीकडे" म्हणाले की ती शहाण्या मुलीसारखी मान वळवायची. मी गप्प राहिले की मान आपोआप डावीकडे जायची. घरी येऊन मी आरसा वेगवेगळ्या तऱ्हांनी फिरवून पाहिला. त्यात मागचंच दिसत होतं.

"परत फिरवू नकोस तो," आई म्हणाली. "ढिला होईल."

सोमवारी ती वेळेच्या बरीच आधी निघाली. हेल्मेट, वेणी, पट्ट्यांची पिशवी बास्केटमध्ये. मी म्हटलं, चौकापर्यंत येते. ती म्हणाली, "उद्या कोण येणार आहे?" मी गॅलरीत गेले. गल्लीच्या टोकाशी ती थांबली, पाय टेकला. हेल्मेट डावीकडे वळलं. बराच वेळ तसंच राहिलं. "उजवीकडे!" मी ओरडले. खालचा भाजीवाला वर बघायला लागला. आई वळून मोठ्या रस्त्याला लागली. उजवीकडून काही येत नव्हतं, एवढंच.

बॅग भरायची होती, ती भरली. मग बाबांच्या खुर्चीत बसून राहिले. फोन आला तो धुलाईघरातून.

"पोचले गं." मागे शिवणयंत्रांचा आवाज होता.

"गल्लीच्या टोकाशी उजवीकडे पाहिलंस?"

"पाहिलं की."

"आणि चौकात?"

"तिथंही पाहिलं."

तिकडे कुणीतरी तिला हाक मारली, तिनं "आले, आले" म्हटलं.

"संध्याकाळी तू नसशील ना?"

"नाही. माझी गाडी दुपारची आहे."

"हो, खरंच की. बरं, जाताना खिडकी लावून घे." मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "बेल चांगली घेतलीस हं. लांबपर्यंत ऐकू जाते."