बुडत्या होडीचा धवला

दगडूच्या लेकीच्या साखरपुड्याला मंजुळा धवला, म्हणजे लग्नघरी देवांना बोलवायचं गाणं, गायला बसली. पहिली ओळ ओठांबाहेर पडते न पडते तोच मागच्या खुर्च्यांवरची तरणी पोरं हसली. आधी एकच हसला. मग त्यातल्या कुणीतरी नाकातून तीच चाल काढली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "बुडाली रे होडी. लाइफ गेली." त्यावर सगळा कोपरा खदखदला.

मंजुळा थांबली नाही. धवला मध्येच थांबवायचा नसतो. कोपरच्या खाडीकाठी तिच्या आजेसासूपासून हेच चालत आलेलं: धवलारणीनं देवांना आवतण द्यायला सुरुवात केली की शेवटचा देव पाटावर बसेपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही, कुणाला हूं की चूं म्हणायचं नाही. तिनं डोळे मिटून गणपतीला बोलावलं, एकवीरा आईला बोलावलं, वेशीवरच्या देवाला बोलावलं, खाडीला बोलावलं, आणि सगळ्यांत शेवटी नवरीच्या कुळदेवाला बोलावून पाटावर बसवलं. मगच डोळे उघडले. समोर नवऱ्याची आई रंगूबाई हातात कुंकवाचा करंडा धरून तशीच उभी होती.

काय बुडालं म्हणून रंगूबाईनं विचारलं होतं आणि कुण्या पोरानं मोठ्या हौसेनं सांगितलंही होतं. जगनच्या गेमच्या दुकानात एक होडीचा गेम आलाय. होडी बुडाली की हेच गाणं वाजतं.

रंगूबाई आवाज न चढवता दगडूला म्हणाली, "व्याही, वैशाखात लग्नाला दुसरी धवलारीण आणा. बुडत्या होडीचं गाणं माझ्या सुनेच्या डोक्यावर नको."

दगडूनं मान खाली घातली. त्याच्या बायकोनं घाईघाईनं मंजुळेची ओटी भरली. त्या ओटीचे तांदूळ घरी आल्यावर मंजुळेनं देवापुढं ठेवले, दिवा लावला आणि जेवली नाही. एवढं गाणं गाऊन ती कधी उपाशी झोपली नव्हती. राग पोटात असला की अन्न नैवेद्याचं राहत नाही, असं ती मानायची.

दुसऱ्या दिवशी ती जगनच्या दुकानात गेली. जगन तिच्याच पाड्यातला. ज्या गाळ्यात त्याचा बाप जाळी ठेवायचा तिथं त्यानं टीव्ही मांडले होते, प्रत्येकासमोर एक स्टूल आणि गेम खेळायचा एक दांडा. बाई माणूस आत आलेलं पाहून तो गडबडला. मावशी, चहा मागवू का, म्हणाला. तिनं चहाला नको म्हटलं आणि होडीचा गेम कुठला ते विचारलं.

कोपऱ्यातल्या टीव्हीवर एक रिक्षावाला खेळत होता. पडद्यावर एक चौकोनी होडी, निळी खाडी, काळा चिखल. ओहोटी लागायच्या आत होडी पलीकडे न्यायची. सुरुवातीला इंजिनसारखा ठेका वाजत होता, टुक टुक, टुक टुक, आणि रिक्षावाला आरामात मागं टेकून बसला होता. पाणी उतरायला लागलं तसा ठेका चढला. रिक्षावाल्याचं पाऊल आपोआप हलायला लागलं, खांदे कानाला भिडले, जबडा आवळला. पडद्यावर फार काही बदललं नव्हतं, होडी तेवढीच होती आणि चिखल तेवढाच होता, पण ठेका त्याला पाठीमागून ढकलत होता. घाईत त्याचा हात चुकला. होडी चिखलात रुतली आणि उलटली.

आणि मग तिचा धवला वाजला.

शिट्टीसारखा, पातळ, माणसाच्या गळ्याचा लवलेश नसलेला. पण तोच. गणपती आला, एकवीरा आली, वेशीवरचा देव आला, खाडी आली. आणि कुळदेवाच्या आधी चाल तुटली. रिक्षावाल्यानं पडद्याकडं नीट बघितलंही नाही. त्याचा अंगठा बटणावर गेला आणि होडी पुन्हा अलीकडच्या काठावर उभी राहिली.

मंजुळेनं त्याला विचारलं, बुडाल्यावर उठला का नाहीस? तो जरा विचारात पडला. म्हणाला, "काय माहीत मावशी. ती धून मधेच राहते ना. काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. उठवत नाय."

गेम कुणी बनवला ते जगनला माहीत होतं. वर्तकनगरात एका वसाहतीत श्रीपाद नावाचा माणूस दोन खोल्यांत टीव्हीच्या गेमच्या कॅसेटी तयार करायचा. नाव ऐकल्यावर मंजुळेला तो आठवला. चष्मा, खादीचा झब्बा, खांद्याला टेपरेकॉर्डर. पाड्यातल्या एका हळदीला आला होता. सगळ्यांबरोबर पंगतीत बसून जेवला, बायकांच्या मागं मांडी घालून बसला आणि धवला ऐकताना रडला होता. त्याचं रडणं बघूनच तिनं टेप लावायला हो म्हटलं होतं.

श्रीपादनं दार उघडलं आणि तिला ओळखून चक्क पाया पडला. तिनं पाय मागं घेतले. तो बसा म्हणाला तरी ती उभीच राहिली आणि माझा धवला बुडण्याला का लावलास, एवढंच विचारलं.

तो अगदी मनापासून सांगू लागला. हळदीच्या दिवशी ते गाणं ऐकून त्याला वाटलं होतं, इतकं दुःख त्यानं कुठल्या चालीत ऐकलं नाही. त्याला ते विलापाचं गाणं वाटलं. शब्द कळले नव्हते, चाल मनात राहिली. गेममध्ये माणूस हरतो तेव्हा त्याला काय वाटावं हे संगीतच ठरवतं, चित्रानं ते होत नाही, असं तो म्हणाला. चाल शेवटपर्यंत वाजवली तर खेळणारा सुस्कारा टाकतो आणि उठतो, हे त्यानं करून बघितलं होतं. शेवटची ओळ काढली की त्याचा जीव अडकतो. म्हणून काढली.

"म्हणजे मुद्दाम काढलीस," मंजुळा म्हणाली.

"हो. ती जागाच तशी आहे. तुमच्या चालीची ताकद आहे ती."

"तिथं कोण येतं ठाऊक हाय तुला? कुळदेव येतो. बाकीच्या देवांना घरी बोलावलंस आणि घरधन्याच्या देवाला उंबऱ्यावर उभं ठेवलंस. दिवसभर. परत परत. पोरांना दांड्याशी बांधून ठेवायला."

तिचा आवाज चढला नव्हता. श्रीपाद पांढरा पडला. पुढच्या कॅसेटींवर तुमचं नाव छापतो, असं काहीतरी तो बोलायला लागला. ती जिना उतरून निघून गेली. परतीच्या बसमध्ये तिला एकवीरेचं नाव घ्यायचं होतं, पण जप लागेना. प्रत्येक नावामागं ती शिट्टी वाजत होती.

मग तिनं ठरवलं. रोज पूजा आटोपली की ती जगनच्या दुकानात जाऊन भिंतीशी स्टुलावर बसू लागली. कुणाची होडी बुडाली, शिट्टी वाजली, तुटली, की जिथं तुटली तिथून मंजुळा गायची. मोठ्यानं नाही, देवघरात गातो तितकंच. कुळदेवाला बोलवायची, पाटावर बसवायची, हात जोडायची.

पहिल्या दिवशी पोरं हसली. म्हातारीला फिट आली म्हणाली. पण गंमत अशी झाली की धवला पुरा झाला की खेळणाऱ्याचा हात बटणावर जायचाच नाही. तो क्षणभर बसून राहायचा, मग पँटला हात पुसायचा आणि उठायचा. जो रिक्षावाला दुपार दुपार बसायचा तो एक डाव खेळून स्टँडवर जायला लागला. साखरपुड्यात नाकातून चाल काढणाऱ्या पोरानं तर एकदा बुडाल्यावर दांडा सोडून तिच्याकडं तोंड वळवलं आणि शेवटच्या ओळीची वाट बघितली.

धंदा बसायला लागला तसे जगननं हात जोडले, मावशी घरी जा म्हणाला, रागावला, तिच्या दिराला सांगून बघितलं. ती म्हणाली, "गेम तुझा, धवला माझा. तू तुझं वाजीव, मी माझं पुरं करते." शेवटी त्यानं श्रीपादलाच निरोप धाडला.

श्रीपाद आला तो दारातच थबकला. होडी बुडाली, चाल तुटली, मंजुळेनं ती पुरी केली, आणि खेळणारा उठून त्याच्या अंगावरून बाहेर गेला. श्रीपादनं चष्मा काढून पुसला. खाली तिच्या समोर जमिनीवर बसला आणि एक तोड सांगितली. बुडण्यावरून चाल काढतो. होडी पलीकडे पोचली की पूर्ण वाजवतो, कुळदेवासकट.

"खाडी पार केली म्हणून कुणाचं लग्न लागतं का रे?" ती म्हणाली. "ज्याच्या घरी लग्न, त्याच्याच दारात धवला. कुठंच नको."

मग बुडाल्यावर काय वाजवू, असं त्यानं विचारलं. वाद घालायला नव्हे, त्याला खरंच सुचत नव्हतं.

मंजुळेनं दाराबाहेर खाडीच्या दिशेला बघितलं. मग म्हणाली, "माझ्या भावाची होडी उलटली तेव्हा मी काठावर होते. नाथा त्याचं नाव. इंजिनाचा आवाज येत होता, मग येईना. बास. काय नाय वाजलं."

नवी कॅसेट श्रीपादनं स्वतः आणून लावली. रिक्षावाला खेळायला बसला. ठेका चढला, त्याचं पाऊल हललं, खांदे वर गेले, आणि होडी उलटली तसा ठेका कापल्यासारखा बंद झाला. पडद्यावर नुसतं पाणी. शेजारच्या टीव्हींवर खेळणारेसुद्धा मान वळवून बघू लागले. रिक्षावाल्यानं दांड्यावरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. कुणी हसलं नाही. एवढ्या शांततेत बसायचं कुणी, असं जगन पुटपुटला.

श्रीपादनं मंजुळेकडं पाहिलं. काहीतरी बरं बोलेल, निदान मान हलवेल, अशी त्याची अपेक्षा असावी. तिनं पदर खांद्यावरून घेतला आणि उभी राहिली. राग अजून होता तिथंच होता. तो शांत करायची तिला घाईही नव्हती.

"चल," ती म्हणाली.

कुठं म्हणून त्यानं विचारलं.

"रंगूबाईच्या घरी. माझं गाणं अपशकुनी केलंस ते तुझ्या तोंडानं सांगायचं. तिच्या दारात, तिच्या माणसांसमोर. वैशाखाला अजून वेळ हाय."

तो म्हणाला, त्या ऐकतील का.  चपला पायात सरकवून मंजुळा रस्त्याला लागली, आणि काही पावलं गेल्यावर, मागं न बघता, तो येईपर्यंत उभी राहिली.