परसात पडलेली माणसं

"शून्य?" साबेलाने विचारलं. "हे शून्य कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं?"

बैठक पडद्यावर चालली होती. एका चौकटीत फिनलंडमधला जिल्हा, दुसरीत स्लोव्हेनियातला, आणि इकडे गॅलिसिया प्रांतातल्या कचेरीत ती आणि तिचा साहेब शुर्शो. तिन्ही जिल्ह्यांनी मिळून तीन वर्षं एकट्या म्हाताऱ्यांच्या घरांत हालचाल टिपणारी यंत्रं बसवली होती. कुणी पडलं की कचेरीत घंटा वाजायची. यंत्रं आली आणि घरोघर जाऊन त्यांची देखभाल करणाऱ्या साबेलाच्या आठवड्याच्या पाच फेऱ्यांच्या दोन झाल्या. आज अहवालावर सेविकांच्या सह्या हव्या होत्या म्हणून तिला बोलावलं, एरवी तिला कोण विचारतंय!

अहवालात होतं: घरात पडून मदत न मिळालेले, शून्य.

"आणि दोसिंदाआजी?"

शुर्शोने माईक बंद केला. "आज नको, साबेला. ती घरात पडली नव्हती."

साबेलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोसिंदा कोबीच्या वाफ्यात पडली, खुबा मोडून. इथल्या म्हाताऱ्या उजाडलं की परसात असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण घर रिकामं दिसलं की यंत्र बाई पडली समजून घंटा वाजवायचं, कचेरीला त्याचा वैताग. मग याच शुर्शोने यंत्राला शिकवलं, बाई दार उघडून बाहेर गेली की सगळं ठीक. दोसिंदा दिवसभर पावसात मातीत पडून होती आणि कचेरीत हिरवा दिवा. साबेलाच्या फेरीचा तो वार नव्हता. संध्याकाळी शेजाऱ्याला ती सापडली, तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारली.

साबेलाने माईक पुन्हा चालू केला. "तुझी आजी कुठे असते रे सकाळी? सोफ्यावर?"

"सही अडली तर पुढचा टप्पा अडेल."

"अडू दे. बाई मेली आणि तुला टप्प्याची पडलीय. लाज कशी वाटत नाही?"

तिचं बोलणं पडद्याखाली सगळ्यांच्या भाषांत उमटत होतं. फिनलंडची सेविका तुलिक्की वाचता वाचता पुढे वाकली.

"आमच्याकडे दोन," ती म्हणाली. "एक सरपणाच्या खोपटात, एक तळ्याच्या वाटेवर. हे मोजायचं नसतं म्हणाले."

"आमच्याकडे एक," स्लोव्हेनियाची मार्येता म्हणाली. "द्राक्षाच्या मळ्यात. वर्षभर मला वाटतंय, माझीच चूक."

"हा आजचा विषय नाही," शुर्शो म्हणाला.

"हाच आहे. पाच फेऱ्या परत दे, मग सही माग."

"माझीही सही तेव्हाच," तुलिक्की म्हणाली. मार्येताने नुसता कागद उलटा ठेवला.

साबेला उठली. आज फेरी नव्हती, तरी ती एकट्या राहणाऱ्या आव्हेलिनोआजोबांकडे गेली. दार न वाजवता थेट परसात. आजोबा बटाटे काढत होते.

"आज कशी काय गं? आज तुझा वार नाही."

"आता रोजच येणार," ती म्हणाली. मग रागातच ती बटाटे टोपलीत भरू लागली.