आठनंतर उगवणारा चंद्र

"अंगावर पाजणाऱ्या बाईनं उपास धरायचा न्हाय," मथुराबाईंनी सुनेला फेब्रुवारीतच सांगितलं होतं. शेंगा फोडता फोडता, वर न बघता. "देवबी मागत न्हाय तिच्याकडनं. लेकराच्या तोंडचं काढून देवाला द्यायचं व्हय?"

अपेक्षा हसली होती. "आत्या, हा उपास नाही. डायट आहे."

"पोटात काय जात न्हाय न्हवं?"

"सोळा तास नाही. आठ तास जातं की."

"मग सोळा तास उपासच की गं." मथुराबाईंनी टरफलं पदरातून खाली झटकली आणि विषय सोडला. जेऊरहून त्या नातीसाठी आल्या होत्या. सुनेशी हुज्जत घालायला नाही.

अपेक्षा बी.एस्सी. झालेली. तिला वाटलं, आत्यांना काय कळतंय. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत तिला आत्यांपेक्षा मोडनिंबच्या काकूंचं बोलणं जास्त लागलं होतं. बारशाला बायकांनी भरलेल्या खोलीत काकू मोठ्यानं म्हणाल्या होत्या, "बाळंतपण मानवलं गं तुला! भावाच्या लग्नात ओळखू येशील ना?" सगळ्या हसल्या. अपेक्षाही हसली. आणि मोरीत जाऊन पाच मिनिटं नळ सोडून उभी राहिली. भावाचं, ऋतुराजचं, लग्न मे महिन्यात. वजन एकाहत्तर किलो.

खालच्या मजल्यावरच्या पूनमवहिनींनी तिला 'हलकं-फुलकं' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. त्रेचाळीस बायका. काही सोलापुरातल्या, काही बार्शी-वैरागकडच्या, एकमेकींना न पाहिलेल्या. पूनमवहिनींचं वय सेहेचाळीस, मुलं पुण्याला शिकायला. त्यांची शुगर काठावर आली तेव्हा डॉक्टरांना विचारून त्यांनी सोळा-आठ सुरू केलं, आणि वर्षात अकरा किलो उतरवले. जिना चढताना लागणारा दम गेला. दिसतही छान होत्या. त्यांच्याकडे बघून कुणालाही वाटावं, आपणही करावं.

नियम सोपा होता. दुपारी बाराला जेवायचं, रात्री आठला तोंड बंद. मधल्या सोळा तासांत फक्त पाणी आणि बिनसाखरेचा काळा चहा. सकाळी वजनकाट्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. उतरलं की टाळ्या. नाही उतरलं की कुणीतरी लिहायची, "काल काय गिळलंस, खरं सांग!" आणि पुढे हसणारे चेहरे.

अपेक्षाच्या फोनमध्ये आणखी एक ॲप होतं, बाळाचं. ऋतुजा कितीला प्यायली, कोणत्या बाजूला, किती मिनिटं, लंगोट किती ओले, शी पिवळी की हिरवी. अपेक्षा सगळं टिपायची. गरोदरपणी सातव्या महिन्यात गर्भजल कमी झालं म्हणून डॉक्टरांनी घाबरवलं होतं. तेव्हापासून तिची नजर कधी विसावलीच नाही. बाळ झोपलं तरी ती त्याच्या छातीकडे बघत बसायची, वरखाली होतेय ना. त्याच घाबऱ्या दिवसांत तिनं गणपतीला एकवीस संकष्ट्या बोलल्या होत्या. त्यातली पहिली फेब्रुवारीत धरली.

आणि गोम तिथंच होती.

संकष्टीला जेवायचं चंद्र बघून. चंद्र उगवणार साडेनऊ-पावणेदहाला. आठ वाजले की ग्रुपचं दार बंद. बरं, दिवसभरात काही खावं, तर चतुर्थीला भाकरी-भात चालत नाही. शाबूची खिचडी चालते. पण शाबूचं नाव काढलं की ग्रुपवर लाल खुणा पडायच्या. "शाबू म्हणजे नुसती साखर, बायांनो!" म्हणजे देवाला जे चालायचं ते ग्रुपला चालायचं नाही, ग्रुपला चालायचं ते देवाला नाही. दोन्हींना चालेल असं शोधून शोधून अपेक्षाच्या वाट्याला काय आलं, तर मूठभर शेंगदाणे आणि एक केळं. आदल्या रात्री आठपासून ते तिसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत. चाळीस तास.

पहिल्या वेळी तिला वाटलं, जमणार नाही. पण सकाळी काट्यावर नऊशे ग्रॅम कमी दिसलं आणि ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. कुणीतरी लिहिलं, "देव पण पावला, काटा पण पावला." मार्चमध्येही तसंच झालं.

घरात कुणाला कळण्याचा प्रश्नच नव्हता. नवसाची चतुर्थी, दिवसा खिचडी खाऊन रात्री सुटणारी, म्हणून आत्यांनीही चालवून घेतली होती. मोदक तीच करायची, नैवेद्य तीच दाखवायची. आरती झाली की सासूला वाढायचं, नवऱ्याला, अजिंक्यला वाढायचं. "तू?" असं अजिंक्य विचारायचा, अगदी दरवेळी विचारायचा. "पाजून बसते," ती म्हणायची. मग तो मोबाईल घेऊन गच्चीवर, आत्या अंथरुणावर. घरात शेवटी जेवणारी बाई जेवली की नाही, हे फक्त भांड्यांना ठाऊक. आणि भांडी तीच घासायची.

थकवा तर होताच. पण बाळंतीण थकणारच, त्यात काय. केस हातात यायचे, तेही सगळ्यांचे जातात म्हणे. ऋतुजा मात्र चिडचिडी झाली होती. प्यायला घेतली की दोन मिनिटांत तोंड सोडून रडायची, परत पकडायची, परत रडायची. अपेक्षानं ॲपमध्ये लिहिलं, 'गॅस?' ओवा भाजून पोट शेकलं. स्वतःच्या जेवणातून वाटाणा काढला, वांगं काढलं, डाळही काढली. आधीच आठ तासांचं जेवण, त्यातलंही निम्मं गेलं. बाळाच्या प्रत्येक ढेकराची नोंद ठेवणाऱ्या त्या शहाण्या बाईला आपलं ताट मात्र दिसलं नाही.

एप्रिलच्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. पाच दिवसांनी आलेलं. सोलापुरात पाणी आलं की आजारी माणूसही उठतं. मथुराबाई स्वयंपाकघरातली भांडी भरायला लागल्या, अपेक्षा पाइप ओढत गच्चीवर गेली आणि टाकीत सोडून खाली आली. दहा वाजायला आले होते, ऊन भिंतीवर चढलं होतं. झोळीत ऋतुजा रडत होती. अपेक्षानं वाकून तिला उचललं, सरळ झाली, आणि डोळ्यांपुढे काळं आलं.

ती पडली नाही. पाठ भिंतीला लागली आणि ती घसरत घसरत खाली बसली. बाळ छातीशी गच्च. हात सोडवत नव्हते आणि हलवतही नव्हते. कानात सूं सूं, आणि त्यामागून लांबून कुणाची तरी हाक, "वो, पाणी चाललंय वो! टाकी भरली!"

टाकी भरून पाणी जिन्यावरून उतरायला लागलं होतं. इथं त्यापेक्षा मोठं पाप नाही. पूनमवहिनी तणतणत वर आल्या, "अपेक्षा, अगं झोपलीस काय?" आणि दारातच थांबल्या.

मथुराबाई तोवर तिच्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी आधी बाळ सोडवून घेतलं. सुनेच्या ओठांकडे बघितलं, कपाळाला हात लावला. गार घाम.

"राती काय जेवलीस?"

अपेक्षानं बाळाकडे हात पुढे केले.

"मोदक खाल्लास का?"

"आठ वाजून गेले होते, आत्या."

"आठ? चतुर्थी सोडायला आठाचा काय संबंध?"

सांगायलाही तिच्यात त्राण नव्हतं. तुटक तुटक सांगितलं. शेंगदाणे. केळं. आज बाराला जेवणारच होते. मथुराबाईंनी बोटांवर हिशेब केला, मधेच थांबल्या, परत केला. मग उठल्या आणि गुळाचा खडा, तांब्याभर पाणी घेऊन आल्या.

"मला काय माहीत तू चतुर्थी पण धरतेस!" पूनमवहिनी म्हणाल्या. आवाज चढला होता, पण चेहरा उतरला होता. "मी कुणाच्या तोंडात बोळा घातलाय का? पाजणारी आहेस तर विचारायचं ना डॉक्टरला. मी विचारलं होतं."

"तुम्ही मला विचारलं होतं का?" अपेक्षा म्हणाली. भांडायला नाही, खरंच आठवत नव्हतं म्हणून.

पूनमवहिनी दारातून मागे फिरल्या. पाइप बंद करायला गच्चीवर गेल्या.

दुपारी बाळाला घेऊन तिघी बालरोग दवाखान्यात गेल्या. पूनमवहिनींनी रिक्षा आणली आणि आपण होऊन आत बसल्या. काट्यावर ऋतुजा सहा किलो भरली. लशीच्या तिसऱ्या डोसच्या वेळी, सात आठवड्यांपूर्वी, पाच किलो आठशे होती. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर टिंब काढलं. वर चढत जाणारी रेघ तिथं आडवी झाली होती. अपेक्षानं घाईघाईनं फोन काढला, "मॅडम, काल नऊ वेळा प्यायली, सगळं लिहिलंय मी, उजवीकडे—"

"बाळाचं बघते मी. तुम्ही काल काय खाल्लंत?"

अपेक्षा स्क्रीनकडे बघत राहिली. त्यात तो रकानाच नव्हता.

"शेंगदाणे आन एक केळं," मथुराबाई म्हणाल्या. "परवाच्या रातीपास्नं." ग्रुपचं सोळा-आठ पूनमवहिनींनी सांगितलं.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं, असं अपेक्षाला वाटलं. त्यांनी आधी तिचंच बीपी घेतलं, रक्त तपासायला लिहून दिलं. म्हणाल्या, "हा प्रकार वाईटच, असं नाही. काहींना मानवतो, वजनही उतरतं. पण मानवणारी बाई वेगळी असते. पाजणारी, दिवस राहिलेली, शुगरच्या गोळ्या घेणारी, जेवणावरून आधीच मनानं झगडणारी, या बायकांनी आपलं आपण सुरू करायचं नाही. दूध यामुळेच कमी पडलं का, ते आत्ता छातीठोक सांगत नाही, बाळही तपासू. पण तुमचं ताट आजपासून तीनदा भरलं पाहिजे, आणि मधे भूक लागली तर चौथ्यांदा. वजनाचं नंतर बघू, हळूहळू. आठवड्यानं या."

"भावाचं लग्न आहे मे महिन्यात," अपेक्षाच्या तोंडून निसटलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मग लग्नात जेवा," डॉक्टर म्हणाल्या.

त्या रात्री घरचा क्रम बदलला. मथुराबाईंनी ज्वारीची पहिली भाकरी तव्यावरून थेट अपेक्षाच्या ताटात टाकली. शेपूची भाजी, शेंगाचटणी, वाटीभर दही.

"तू बस आदी."

अजिंक्य हात धुऊन उभा. "आणि मी?"

"तू काय पाजतूस व्हय? थांब की जरा."

तो थांबला. तव्याकडे बघत, ऋतुजाला खांद्यावर घेऊन, बराच वेळ थांबला. अपेक्षाला घास गिळवेना. भूक होती, पण तीन महिने जिवाला लावलेला धाक एका भाकरीनं सुटत नाही. सव्वाआठ झाले होते. ती घड्याळाकडे बघून चावत राहिली. मथुराबाई समोर बसून राहिल्या, ताट संपेपर्यंत. तीन झाल्या तुझ्या, म्हणाल्या, उरलेल्या अठरा मी धरते. देवाला माणूस बदललेलं चालतंय.

आठ दिवसांनी ऋतुजा दोनशे ग्रॅम वाढली. फार नाही, पण टिंब वर सरकलं. अपेक्षाही दीड किलो वाढली. काकू मोडनिंबला काय म्हणायचं ते म्हणतील.

ग्रुप सोडायच्या आधी तिनं पूनमवहिनींना विचारलं, एक लिहू का? "लिही," त्या म्हणाल्या, "मलाच लिहायला पाहिजे होतं." अपेक्षानं वजनकाट्याऐवजी बाळाच्या कार्डाचा फोटो टाकला, आडवी रेघ दिसेल असा. खाली लिहिलं, मी पाजत होते आणि कुणाला विचारलं नाही. तुमच्यात अशी कुणी असेल तर आज जेवा, आणि मला एकटीला कळवा.

ग्रुपवर टाळ्या आल्या नाहीत. दोघी-तिघींनी हात जोडले. एकीनं लिहिलं, "सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही हं," आणि तेही खरंच होतं.

संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. प्रोफाइलच्या फोटोत नुसती रांगोळी.

"ताई माजंबी तसंच हाय. बाळ चार मयन्याचं. दूध लई कमी झालंय, सासूनं बाटली लावली. नऊ किलो उतरले म्हणून समदी कवतिक करत्यात. आता खायला बसलं की भ्या वाटतं. वैरागला हाय मी. कुनाला सांगू नका."

अपेक्षानं लगेच नाव विचारलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तासाभरात तो नंबर ग्रुपमधून गेला. सकाळी फोन लावला तर बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. पूनमवहिनींनी सगळ्या मैत्रिणींना विचारलं. तिला ग्रुपवर कुणी घेतलं, हेही कुणाला आठवेना. अपेक्षानं ऋतुजाच्या ॲपमध्येच तिच्या नावाचं एक पान उघडलंय. नाव नाही म्हणून वर नुसतं 'वैराग' लिहिलंय. त्यात रोजची एकच नोंद. लावला, लागला नाही.

म्हणून ती आता भेटेल त्याला विचारते, आणि तुम्हालाही विचारतेय. वैरागला तुमची बहीण असेल, जाऊ असेल, शाळेतली मैत्रीण असेल, तर तिच्या गल्लीत बघायला सांगा. चार महिन्यांचं बाळ, नुकतीच बारीक झालेली बाई, जिचं सगळे कौतुक करतात. तिला फोनवर विचारू नका, ती बरी आहे म्हणेल. जेवणाच्या वेळेला जा, बाळ आपल्याकडे घ्या, आणि तिच्या ताटात काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.