वरचा कागद

मित्रांनो, खोटं बोलणं हेच ज्याचं काम होतं असा मी एक जुना कागद आहे. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला, म्हणून टिकलो. किरिबासच्या एका लांबच्या बेटावर, केवड्याच्या पानांनी शाकारलेल्या छपरात मला एका म्हातारीने खोचून ठेवलं आणि तिच्या मागे मी तसाच राहिलो. माझ्यावर तान्ह्या बाळांविषयी आठ प्रश्न छापले आहेत. बाळाला दिवसातून किती वेळा पाजता, शहाळ्याचं पाणी कधीपासून देता, असले. या प्रश्नांची उत्तरं आजवर कोणीही लिहून घेतली नाहीत. लिहून घ्यायची नव्हतीच.

माझा जन्म राजधानीच्या बेटावरच्या एका कचेरीत झाला. माझ्या आधी तिथे एक पाहणी होऊन गेली होती. यंदा तुमच्या घरी कोणता गुन्हा घडला, असं घरोघर विचारलं होतं. डुक्कर चोरीला गेलं, होडीचं इंजिन गेलं, शेजारचा पिऊन दगड मारत सुटला, हे सगळं लोकांनी भरभरून सांगितलं. यादीच्या तळाशी एक शब्द होता, बलात्कार. त्याच्यासमोर सगळ्या बेटांवर मिळून चार 'होय' आले. चार म्हटल्यावर मोठ्या लोकांना हायसं वाटलं. आमच्याकडे असलं काही नाहीच, असं एका भाषणात सांगूनही झालं.

नेई काउरेला मात्र ते पटेना. बाईच्या नावाआधी आमच्याकडे मानाने 'नेई' लावतात. ही काउरे तीस वर्षं बाळंतपणं केलेली परिचारिका. बायकांच्या अंगावरचे वळ तिने पाहिले होते आणि 'पडले' हे उत्तरही शेकड्याने ऐकलं होतं. तिचं म्हणणं असं की तो शब्द कोर्टातला आहे, परक्या माणसाने केलं तरच बायका तो वापरतात. घरातल्याने केलं तर त्याला त्या कोणताच शब्द लावत नाहीत. नव्या मोजणीचं काम तिच्याकडे आलं तेव्हा तिने पहिल्याच दिवशी तो शब्द खोडून टाकला. त्याच्या जागी साधी वाक्यं घातली. तुमच्या मनात नसताना कोणी बळजोरी केली का? नाही म्हणायची भीती वाटली म्हणून गप्प राहिलात का? किती वेळा? शेवटचं कधी?

प्रश्न झाले, पण ते विचारायचे कुठे? आमच्या घरांना भिंती नाहीत. चार खांबांवर नारळीच्या काठ्यांचा माच, वर छप्पर, झालं घर. शेजारीण शिंकली तरी इकडे कळतं. म्हणून मला बनवलं. खऱ्या प्रश्नांच्या गठ्ठ्यावर मला चिमट्यात अडकवायचं. विचारताना मागे वळवून ठेवायचं आणि पावलं वाजली की पुढे घ्यायचं. "आवाज बदलायचा नाही," काउरे घरोघर विचारायला नेमलेल्या पोरींना बजावायची. "आवाज बदललात की मार तिला बसेल, तुम्हाला नाही." पोरी आधी खुसुखुसू हसत. मग एकीने विचारलं, खरंच मारतील का? त्यानंतर कोणी हसलं नाही.

मी आलो त्यांतल्या नेई मारेवेच्या वाट्याला. ती चोवीस वर्षांची, बोलायला मऊ आणि हाताची अशी चलाख, की वाक्याच्या मधोमध मला पुढे घेतलं तरी ऐकणाऱ्याला सांधा कळू नये. आम्ही दोघं आठ बेटं फिरलो. माझं कौतुकही खूप झालं. कचेरीत म्हणत, बाकीचे कागद कामाचे खरे, पण हा नसता तर एकही पान भरलं नसतं. मी फुगून जायचो, हेही कबूल करतो.

पण मित्रांनो, माझ्या नशिबी नेहमी अर्धी वाक्यं आली. मला पुढे घेतलं जायचं ते कोणीतरी बोलता बोलता तुटल्यावर. 'मी ओरडले असते, पण पोरं...' एवढं ऐकू यायचं आणि मी समोर. मग मारेवे विचारायची, बाळाला किती वेळा पाजता? आणि ती बाई डोळे पुसत पुसत सांगायची, सहा वेळा, कधी सात वेळा. एकीला तर मूलच नव्हतं. तिनेही सहा असंच सांगितलं. ती अर्धी वाक्यं माझा पाठलाग सोडत नाहीत. वारा सुटला आणि छपराची पानं सळसळली की मला वाटतं, त्यांतलं एखादं आता पुरं होईल. होत नाही.

या बेटावर आलो तेव्हा मोजणी संपत आली होती. गावात कोणाला विचारायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या, त्यात निघाली ती नेई मोआनिबाच्या नावाची. बावीस वर्षांची, कडेवर एक मुलगी, हातात विणायची चटई. नवरा बकोआ ताडी काढायला झाडावर चढला होता आणि वर बसून गात होता. आमच्याकडे ताडी काढणारे गातातच. बायकांना ते गाणं सोयीचं पडतं, कारण गाणं चालू आहे तोवर माणूस झाडावर आहे. मारेवेने प्रश्न त्या गाण्यात बसवले. मोआनिबा पहिल्या सगळ्यांना मान हलवून नाही म्हणाली. मग बळजोरीचा प्रश्न आला आणि तिचे विणणारे हात थांबले.

"हे मोजतात होय?" तिने हळूच विचारलं. "मला वाटलं, हे लग्नातच येतं."

"मोजतात," मारेवे म्हणाली.

मोआनिबाने झाडाकडे पाहिलं. "मग लिही. पण किती वेळा ते..." आणि मागच्या बाजूने तिची सासू नेई तेबोरा आली. मी समोर.

तेबोरा साठीच्या पुढची, तोंडाची फटकळ. माचावर बसली आणि माझ्या आठही प्रश्नांची उत्तरं सुनेच्या आधी तिनेच देऊन टाकली. पाच पोरं पाजली म्हणाली, कुणाच्या कागदावाचून वाढली. मारेवे हसली. मोआनिबाच्या कपाळावर घाम होता. सगळं बोलून झाल्यावर म्हातारीने मारेवेचं कूळ विचारलं. आईकडून ती याच बेटाची निघाली, नात्याने मावसनात. आणि मग तेबोरा शांतपणे म्हणाली,

"पोरी, मी तुझ्याकडे बुबुसी करते. तो कागद मला दे."

बुबुसी म्हणजे नात्यातल्या माणसाचं मागणं. भांडं मागा, होडी मागा, समोरच्याने नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. मारेवेचा चेहरा पांढरा पडला. मग तिने चिमटा उघडला, मला काढून म्हातारीच्या हातात दिलं आणि उरलेला गठ्ठा छातीशी आवळून धरला, कारण आता वरच खरा प्रश्न होता. झाकायला मी नव्हतो, म्हणून पुढे विचारता येईना. गाणंही थांबलं होतं. मोआनिबाचं पान अर्धंच राहिलं आणि मारेवे निघून गेली.

मला वाटलं, म्हातारीला वास लागला. आता ती मला आमच्या पाद्र्यांकडे नेणार, वाचून घेणार, सुनेला लेकापुढे उभी करणार. मोआनिबालाही तेच वाटलं असणार. त्या दिवशी तिने भात दोनदा करपवला.

तेबोराने मला कुठेच नेलं नाही. दुसऱ्या दिवशी बकोआ लगूनमध्ये, म्हणजे बेटाच्या आतल्या उथळ पाण्यात, मासे धरायला गेल्यावर ती मला मांडीवर घेऊन बसली. तिला अक्षर येत नव्हतं. गावात कुजबूज होती की बायकांना काय विचारतात, आणि तिला वाटत होतं की बाळांचं नुसतं तोंडदेखलं विचारलं, खरे प्रश्न आहेत तो कागद मीच. माझ्या ओळींवरून बोट फिरवत ती बोलायला लागली. सोळा वर्षांची असताना काय झालं. कोणी केलं. मग लग्नानंतर काय होत राहिलं, आणि तिने बोटांवर मोजून बघितलं आणि मोजणं सोडून दिलं. तिने जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगणार नाही, ते तिचं आहे. एवढंच सांगतो, की त्यात एकही वाक्य अर्धं नव्हतं. आणि तिच्या बोटाखाली लिहिलं होतं, शहाळ्याचं पाणी कधीपासून देता.

भिंती नव्हत्याच. पलीकडे मोआनिबा चटई विणत होती. ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी चटई जरा अलीकडे ओढून बसली, तिसऱ्या दिवशी आणखी अलीकडे.

मारेवे महिन्याभराने परत आली. अर्ध्या पानासाठी कचेरी होडी देत नाही, म्हणून कुणाच्या तरी लग्नाच्या होडीत बसून आली. नवा वरचा कागद तिला मिळाला नव्हता. ती माचाशी घुटमळली तेव्हा तेबोरानेच तिला बसवलं.

"मी वाटेवर बसते," म्हातारी म्हणाली. "लेक आला तर मी त्याला बोलण्यात अडकवीन. आई आहे मी, माझं त्याला ऐकावंच लागतं. आणि सूनबाई, तू सगळं सांग. कमी करून सांगू नकोस."

ती खरंच ऊन खात वाटेवर बसून राहिली. पान पुरं झालं. जाताना मारेवेने मोआनिबाला एका घराचा पत्ता सांगितला, जिथे मुलांसकट राहू देतात. तो लिहून दिला नाही, पाठ करून घेतला. तेवढ्यात तेबोरा माचावर आली आणि मारेवेच्या समोर मांडी घालून बसली.

"आता माझं लिही."

मारेवेने मान खाली घातली. "आजी, आम्ही एकोणपन्नासच्या पुढे विचारत नाही."

"का? पन्नासाव्या वर्षी विसरायला होतं का?"

किनाऱ्यावरून होडीवाले हाका मारत होते. मारेवेने म्हातारीचे दोन्ही हात धरले, पुन्हा येते म्हणाली आणि गेली. मोजणी त्याच आठवड्यात बंद झाली.

आकडा पुढे छापून आला. गावच्या सभामंडपात तो वाचून दाखवला तेव्हा, म्हणे, पुरुष जमिनीकडे बघत होते. चार आता कोणी म्हणत नाही. दोन वर्षांनी मोआनिबा मुलीला घेऊन त्या पत्त्यावर गेली. तिचं गाठोडं तेबोराने बांधलं, आणि त्यापायी लेकाने आईशी बोलणं टाकलं. त्या आकड्यात मोआनिबा आहे. तेबोरा नाही.

पुढे किती वर्षं ती मला छपरातून काढायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायची. आता तिला घराशेजारीच पुरलं आहे. घर रिकामं आहे. दुपारी माचाच्या काठ्या करकरतात आणि मला वाटतं, आली, बसली, आता सुरू करेल.

मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी अशी एखादी असेल. तिला कोणी विचारलं नसेल, किंवा अर्ध्यावर पान उलटलं असेल. ती बोलायला लागली तर उठू नका. तिचं वय बघू नका. तेबोरा सगळं सांगून झाल्यावर थांबायची आणि माझ्याकडे बघत राहायची, आणि मला तिला एवढंही म्हणता आलं नाही, की हो, ऐकलं.