ग्रेसचे दोन मार्क

माझं डोकं फिरलं ते दोन मार्कांवरून, आणि ते फिरायलाच हवं होतं!

नेत्रा, माझी लेक, इकडे उत्तरेत चिनहटच्या एका खाजगी कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे. रेल्वे कारखान्यातल्या ट्रेनिंगला गणितात सत्तर मार्क लागतात, हिला अडुसष्ट. पेपरात x³ − 3x + 2 = 0 ची मुळं विचारली होती. हिनं हातानं अवयव पाडून तीन लिहिली: १, १ आणि −२. गणिताच्या निगम सरांनी त्यावर लाल रेघ मारून दोन मार्क कापले. का? तर कॅल्क्युलेटर दोनच दाखवतो, १ आणि −२.

"जाने दो ना, मम्मी." नेत्राचं उत्तर नेहमी हिंदीतच.

म्हणे जाने दो! आमच्या घरात आधी हातानं सोडवायचं, मग पडताळ्यापुरता कॅल्क्युलेटर. तिच्या बाबांनी, राजरत्ननी, नागपूरहून आणलेली शिस्त ही. तिचीच शिक्षा? मी तिला घेऊन तडक कॉलेज गाठलं.

सरांनी माझ्यासमोर बटणं दाबली. "देखिए मैडम, दो ही आ रहे हैं. मशीन झूठ बोलेगी?"

अहो, एकच मूळ दोनदा आलं की यंत्र ते एकदाच दाखवतं! हे मी, टेलिफोन खात्यातल्या कारकुनानं, गणिताच्या मास्तरला सांगायचं? सांगितलं, हिंदीतून आणि चढ्या आवाजात.

नेत्रानं कागद ओढला आणि (x − 1)(x − 1)(x + 2) गुणून दाखवलं. सर हसले. "चलिए, दो नंबर दे देते हैं." पेपरवर लिहिलं: +२, ग्रेस.

अंगाची लाही लाही झाली माझ्या. आमच्या समाजातल्या पोरांनी काहीही मिळवलं तरी लोकांना ते कुणीतरी दिल्यासारखंच वाटतं! मी तोंड उघडणार, तेवढ्यात नेत्रानं पेपर परत सरकवला.

"ग्रेस काट दीजिए, सर. जवाब सही है, सही लिखिए. नहीं तो अड़सठ ही रहने दीजिए."

या ट्रेनिंगसाठी वर्षभर जिवाचं रान केलं होतं पोरीनं.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. शेवटी 'ग्रेस'वर काट मारली आणि उत्तराशेजारी बरोबरची खूण केली.

जिना उतरताना नेत्रा चक्क मराठीत बोलली, "आई, ज्यांनी दोनच लिहिली, त्यांचे मार्क आता कापतील का गं?"

"कापायलाच हवेत," मी म्हणाले. राग कुठे उतरला होता माझा!