तुडुमाचा दट्टा

मित्रांनो, मी एक जुना दट्टा आहे. फाटक्या छत्रीचं आणि म्हाताऱ्या झाडाचं मनोगत तुम्ही परीक्षेत लिहिलं असेल. दट्ट्याचं मनोगत कुणी विचारत नाही, कारण दट्ट्याने आयुष्यभर एका भोकात बसायचं असतं आणि यात दहा गुणांचं काही नसतं. मी ते काम पुष्कळ वर्षं केलं. चांगलं केलं. पुढे मी पुतळा होता होता राहिलो. आज ते सांगतो.

आमचं गाव नवेगाव बांधच्या बाजूला आहे. तिथल्या तलावापुढे आमचा तलाव म्हणजे बशीत सांडलेला चहा, पण गावचा सगळा धान याच चहावर पिकतो. तलाव बांधण्यात तरबेज अशा कोहळी लोकांनी तो फार पूर्वी बांधला. मातीची लांब पाळ घातली आणि पाळीच्या पोटातून शेतांकडे पाणी सोडायला पाण्याखाली दगडी दार ठेवलं. त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. दार कसलं, एक गोल भोकच ते. त्या भोकात मी बसायचो. मी बीजाच्या, म्हणजे बिबळ्याच्या, लाकडाचा आहे. वर जाड, खाली निमुळता, घागरीएवढा आणि घागरीपेक्षा हट्टी.

गावाने पाणी वाटायचं काम केशोरावकडे दिलं होतं. मी त्याला अरे-तुरे करतो. इतकी वर्षं पाण्याच्या तळाशी भेटल्यावर अहो-जाहो राहत नाही. धानाला पाणी हवं झालं की तो पायऱ्या उतरून बुडी मारायचा, मला उपसायचा आणि पाळीवर आणून ठेवायचा. शेतं भरली की माझ्या कमरेला तणस, म्हणजे धानाचा पेंढा, गुंडाळायचा, वरून गोणपाट बांधायचा आणि मला घेऊन पुन्हा खाली जायचा. भोकात बसवून तळहाताने ठोकायचा आणि लगेच हात काढून वर निघायचा. तळाशी माणसाला रेंगाळायची सोय नसते.

त्यामुळे गावात कुणाला काही विचारावं लागत नसे. दट्टा पाळीवर दिसला की पाणी चालू. दिसला नाही की बंद. एकदा मला पाळीवर ठेवून केशोराव लग्नाला गेला आणि वाटेतूनच परत आला. नवरा मुलगा त्याचा सख्खा पुतण्या होता. पुतण्याचं लग्न त्याच्याशिवाय लागलं, पण तलाव रिकामा झाला नाही.

मग पाटबंधारे खात्याने पलीकडे लोखंडी गेट बसवलं. त्याला चाक होतं. चाक फिरवलं की पाणी येई, उलटं फिरवलं की थांबे, आणि कुणाचं धोतर भिजत नसे. जुन्या तुडुमाची पाळीखालून जाणारी नाळ ठेकेदाराने शेताकडून सिमेंटने बुजवली. तळातलं भोक तसंच राहिलं, पण त्यातून पाणी कुठेच जात नव्हतं. मी बेकार झालो. केशोरावची बायको सुशिलाबाई माझ्यावर मासे कापू लागली. कोंबड्या माझ्यावर चढून गावाकडे पाहायच्या. मी तक्रार केली नाही. तलावातले मासे मला वर येऊनही भेटत होते, एवढंच.

त्यानंतर केशोराव विसरू लागला. आधी चष्मा, मग वार, मग शेजारचा उमराव, ज्याच्याशी त्याची रोजची ऊठबस होती. शेवटी तो आपल्या एकुलत्या मुलीलाही विसरला. फक्त एक गोष्ट विसरेना. रोज सकाळी खाटेवर उठून बसे आणि म्हणे, "पानी चालून राहिलं. तुडूम उघडा आहे."

मुलीचं नाव चेतना. ती नागपूरला शिल्पकला शिकत होती. सुशिलाबाई फोन केशोरावच्या कानाला लावायची आणि चेतना तिकडून समजावायची, "बाबा, आता लोखंडी गेट आहे. पानी कुठीच नाही जाऊन राहिलं." केशोराव ऐकून घ्यायचा, फोन परत द्यायचा आणि बायकोला विचारायचा, ही बाई कोण होती आणि तिला पाण्यातलं काय कळतं.

एका पावसाळ्यात चेतना घरी आली ती एक काम घेऊन. शेवटच्या वर्षाला त्यांना एक शिल्प करायचं होतं. कुठेही नेऊन ठेवता येईल असं नाही, एकाच जागेचं, त्या जागेवरून हलवलं तर ज्याचा अर्थच निघून जाईल असं. तिच्या भुपेंद्र सरांनी सांगितलं होतं, आधी जागेवर जाऊन बस आणि जागा काय म्हणते ते ऐक. चेतना पाळीवर जाऊन बसली. जागा काही म्हणाली नाही. उमरावची बकरी मात्र येऊन बसली.

तिने आधी तणसाचा मोठा मासा केला. तो त्याच बकरीने शेपटाकडून खायला घेतला आणि डोळ्यापर्यंत आणला. मग बांबूच्या कामट्यांची लाट केली. तिच्यावर बायकांनी गोधड्या वाळत घातल्या आणि लाटेची फार तारीफ केली. तिसऱ्या कल्पनेच्या शोधात चेतना अंगणात माझ्यावर बसून कागदावर रेघा ओढत होती, तेव्हा केशोराव तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तू कोनाची व पोरी? ऊठ. हा बसाचा पाट नाही होय."

ती उठली. त्याने मला मांडीवर घेतलं. माझ्यावर माशांचे खवले होते ते अंगठ्याने पुसले. मग त्याची बोटं माझ्या अंगावरून फिरत त्या खाचेपाशी आली, जिथून तणस गुंडाळायला सुरुवात करायची. ज्या माणसाला सदऱ्याची बाही सापडत नव्हती, त्याला ती खाच सापडली. त्याने तणस मागितलं. चेतनाने दिलं. त्याने इतकं घट्ट आणि नेटकं गुंडाळलं की मला लाजल्यासारखं झालं. चेतना बघत राहिली. मग कागदावर खाली वाकली ती दिवेलागणीपर्यंत उठलीच नाही.

तिने जे काढलं ते फार साधं होतं. पाळीवर, बरोबर जुन्या तुडुमाच्या वर, एक दगडी ओटा. ओट्याला लोखंडी कडं आणि कड्यात मी. उंची एवढीच, की केशोराव तिथे उभा राहिला तर त्याचा तळहात आपोआप माझ्या डोक्यावर पडावा. मला भोक पाडून सळईने जखडायला तिचा हात धजला नाही, म्हणून कड्यात मी सुटाच राहणार होतो. कुणालाही उचलून माझं वजन बघता यावं, असं तिने सरांना सांगितलं. आईला तिने खरं कारण सांगितलं. पावसाळ्यात पाळ निसरडी असते म्हणून ती बाबांना तिथे नेत नव्हती. आता थंडीत रोज नेणार होती. बाबा दट्ट्यावर हात ठेवतील, त्यांना बरं वाटेल, आणि एखाद्या दिवशी हात तिथे असताना तिच्याकडे बघून ते तिला तिच्या नावाने हाक मारतील. तिला शिल्प एवढ्यासाठीच हवं होतं. एकदाच हाक मारली तरी चाललं असतं.

ग्रामसभेत यावर चर्चा झाली. एवढं नागपूरला शिकून दट्टाच का, असं एकाने विचारलं. दुसऱ्याचं म्हणणं पडलं की त्यापेक्षा सिमेंटचं विमान बसवावं, बिरसीच्या विमानतळावर खरं आहे तर आपल्याला खोटं तरी असावं. तिसऱ्याला विमान चाललं असतं, पण त्याला खाली नळही हवा होता. शेवटी सरपंच निर्मलाबाई म्हणाल्या, "बसव माय. पन लोकं इचारतीन हे काय होय, तं तूच सांगजो." भुपेंद्र सरांनी फोनवर चोरीची शंका काढली. त्यावर उमराव म्हणाला, "सर, याले कोन नेइन?"

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाव्हणे येतात, दिवसा दंडारीचं लोकनाट्य होतं, भज्यांच्या कढया चढतात. त्याच दिवशी माझं उद्घाटन ठरलं. सकाळी चेतनाने मला घासून, तेल लावून कड्यात बसवलं आणि वर लाल साटीनचं कापड टाकलं. जन्मात पहिल्यांदा मला साटीन मिळालं. सुशिलाबाईने केशोरावला नवा सदरा घालून ओट्याजवळ खुर्चीवर बसवलं, उमरावला लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती पाव्हण्यांचा चहा बघायला गेली. चेतना सरांना घ्यायला बसथांब्यावर गेली. उमराव नारळ विसरला होता, तो तेवढ्यापुरता घरी गेला.

वारा आला आणि साटीन उडालं.

मित्रांनो, मी केशोरावला ओळखत होतो, म्हणून सांगतो. त्याने शिल्प पाहिलं नाही. त्याने दट्टा पाहिला. दट्टा पाळीवर होता आणि तलाव भरलेला होता. गावात लाउडस्पीकर लागला होता, लोक नाचत होते आणि पाणी चाललं होतं. इतके दिवस तो सांगत होता आणि सगळे नाही म्हणत होते, आणि आता हा पुरावा हाताशी येईल एवढ्या उंचीवर, तेल लावून ठेवलेला.

त्याने मला कड्यातून उचललं. साटीन घेतलं आणि माझ्या कमरेला गुंडाळलं, खाचेपासून सुरुवात करून. तणस नव्हतं, म्हणून नवा सदरा काढून तोही गुंडाळला. तेवढ्यात उमराव नारळ घेऊन परतला आणि उघड्या अंगाच्या केशोरावला बघून हसला.

"काकाजी, पुतळ्याले कुठी घेऊन चालले? आंघोळ घालता का उद्घाटनाच्या आंधी?"

केशोराव थांबला. त्याच्याकडे नीट बघितलं.

"पानी चालून राहिलं ना, उमराव."

उमरावच्या हातचा नारळ खाली पडला. वर्ष होत आलं होतं, केशोरावने त्याला नावाने हाक मारली नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. खुर्चीवर बसा काकाजी, आत्ता चेतनाले आनतो, असं म्हणून तो बसथांब्याकडे धावत सुटला. कुणीही धावलं असतं. बातमीच तशी होती.

आम्ही पायऱ्या उतरलो. केशोरावने चपला वरच्या पायरीवर नीट काढून ठेवल्या. पाणी गार होतं.  त्याने श्वास भरला आणि आम्ही खाली गेलो. भोक जिथे होतं तिथेच होतं. त्याने मला न चाचपडता बसवलं. माझं सांगायचं तर, मला आनंद झाला. इतकी वर्षं कोंबड्यांचे पाय अंगावर घेतल्यावर आपल्या जागी बसणं काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही. त्याने तळहाताने ठोकलं. मी घट्ट बसलो. माझ्या पलीकडे सिमेंट होतं. अडवायला पाणीच नव्हतं, पण मी ते अडवलं.

त्याने हात काढला नाही.

मला वाटलं, आज खूश आहे माझ्यावर. म्हणून थांबलाय.

वरचं सगळं मला नंतर पायरीवर बसणाऱ्यांच्या बोलण्यातून कळलं. उमरावने चेतनाला गाठलं आणि म्हणाला, "काकाजीनं मले ओळखलं." ती बसथांब्यावरच रडायला लागली, हसायलाही लागली, आणि सरांची पिशवी हातात घेऊन पाळीकडे पळाली. पळता पळता म्हणत होती, आता मलाही ओळखतील. पाळीवर रिकामा ओटा होता, रिकामी खुर्ची होती आणि पायरीवर चपला होत्या.

तलावात मासे धरणाऱ्या मंगरू ढिवराने बुडी मारली. त्यानेच तो हात माझ्या डोक्यावरून काढला, हळूच, झोपलेल्या माणसाचा काढावा तसा.

पुढे गावाला माझी फार किंमत आली. विमान मागणारा आता म्हणू लागला की दट्टा वर काढू, केशोरावच्या नावाची पाटी लावू, हार घालू. निर्मलाबाईंनी मंगरूला सांगूनही ठेवलं. भुपेंद्र सर पुन्हा आले, रिकाम्या ओट्यासमोर उभे राहिले. त्यांनी हळू आवाजात विचारलं, शिल्पाचं काय करायचं. चेतनाने पाण्याकडे बोट दाखवलं.

"बाबानं बसवलं आहे. राहू द्या."

तिला गुण किती मिळाले ते मला ठाऊक नाही. पाण्याखाली निकाल लागत नाहीत.

ती सुट्टीत येते. पायरीवर बसते, पाय पाण्यात सोडते.  पहिल्यांदा आली तेव्हा कुणाशी तरी बोलावं तसं मोठ्याने म्हणाली, "चला बाबा, पाहून येऊ." एवढंच म्हणाली आणि गुडघ्यात डोकं घातलं. सुशिलाबाई येऊन तिला घेऊन गेली.

मित्रांनो, मी लाकूड आहे. माझ्या सल्ल्याला फार अर्थ नाही. पण तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस रोज सकाळी उठून म्हणत असेल की गाय सुटली, गाडी निघाली, पाणी चाललं, तर त्याला गेटाचं सांगू नका. ते खरं असलं तरी सांगू नका. चप्पल घाला, त्याचा हात धरा आणि त्याच्यासोबत जाऊन बघून या. पाणी जागच्या जागी दिसेल. तरीही उद्या तो पुन्हा म्हणेल.

उद्या पुन्हा जा.